कुरतडलेला कोपरा

डोळा लागतोय की नाही, ते मला कळत नाही. दुपारची जेवणं उरकून मी पडवीत चटईवर आडवी झाले आहे. उशाशी मिसळणाचा डबा आहे, पण त्यात मोहरी-हळद नाही, नट-बोल्ट आणि वायसर आहेत. समोर ह्यांची राजदूत मोटारसायकल उभी आहे. चार महिने खपून मी ती खोलली, घासली, पुन्हा जोडली. ह्यांना जाऊन आठ महिने झाले. आयुष्यात कधी सायकलची उतरलेली चेन मी बसवली नाही, आणि साठीला टेकल्यावर मोबाइलवरचे व्हिडिओ बघून इंजिनाला हात घातला. गल्लीतले लोक हसले. हसू देत.

सगळं जागच्या जागी बसलंय, फक्त गाडी सुरू होत नाही. सकाळपासून किक मारून पोटऱ्या भरून आल्यात. पाच वाजता साताऱ्याचे निंबाळकर टेम्पो घेऊन येणार आहेत. त्यांना जुन्या गाड्यांची हौस. माझा आणि माझ्या मुलाचा, तुषारचा, ठराव झालाय: आज सुरू झाली तर गाडी घरात राहील, नाही तर त्यांच्याकडे जाईल. तुषार आत झोपलाय. त्याचंही चूक नाही. दारात गंजण्यापेक्षा जपणाऱ्या माणसाकडे गेलेली बरी, हे मलाही पटतं. पण मला तो आवाज हवाय. हे गुरांच्या दवाखान्यात होते, वेळी-अवेळी गावोगाव जायचे. पाण्याच्या टाकीच्या वळणावर राजदूतचा आवाज आला की तुषार आतूनच ओरडायचा, "आई, बाबा आले!" आणि मी तवा ठेवायची. ह्यांचा चेहरा फोटोत आहे. हा आवाज कुठेच ठेवलेला नाही.

पंखा घरघरतो. घरघर लांब जाते.

"दहाचा पाना कुठे ठेवलास?"

हे गाडीपाशी पाटावर बसलेत. बनियन आणि पट्ट्यापट्ट्यांचा लेंगा. मला नवल वाटत नाही, रागच येतो.

"आठ महिन्यांनी आलात, आणि आल्या आल्या पाना?"

"सगळी गाडी खोललीस की गं एकटीनं!" हे टाकीवरून हात फिरवतात. "पण हा रंग कसला?"

"डाळिंबी."

"काळी होती."

"होती. तुम्हाला विचारायला तुम्ही होतात कुठे?"

हे हसतात. पुढचा पडलेला दात जागेवर आहे. "सायलेन्सर मात्र झकास उजळलास."

"चिंच लावून घासला."

"गाडी आहे का घंगाळ!"

ह्यांच्या पाटाशेजारी आणखी एक पाट आहे, त्याच्याशेजारी आणखी एक. पंगत बसलीय. आमच्या लग्नाचं कार्यालय आहे, तोच हिरवा चुना, पण खांबांना राजदूतची चाकं टांगली आहेत. वाढपी किटली घेऊन येतो आणि ह्यांच्या भातावर ऑइल मिसळलेलं पेट्रोल वाढतो. "घ्या, आग्रहाचं आहे."

"बास, बास," हे पानावर हात आडवा धरतात. माझ्याकडे वळून म्हणतात, "ऑइल जरा जास्त झालंय."

"मी मापून घातलंय," मी म्हणते.

ह्यांच्या मांडीवर आमची लग्नपत्रिका आहे. लाल, जाड, सोनेरी अक्षरांची, चारही कोपरे शाबूत. हे खिशातून ब्लेड काढतात आणि खालचा कोपरा सरळ कापून घेतात.

"अहो! उंदरानं कुरतडली म्हणाला होतात तुम्ही!"

"उंदीर तू म्हणालीस. मी फक्त हो म्हटलं."

"मी पिंजरा लावला होता. आठ दिवस! रोज सकाळी आतलं भजं गायब आणि उंदीर नाही."

हे खाली मान घालतात. "भजी चांगली झाली होती."

मला हसू आवरत नाही आणि डोळ्यांतलं पाणीही आवरत नाही. हे तुकडा बोटांत धरून मला दाखवतात.

"पॉइंटचा गॅप कशानं लावलास?"

इंजिनात दोन इवलीशी टोकं उघडमीट करतात, त्यांच्यातली फट नेमकी असली, तरच ठिणगी नीट पडते. चार महिन्यांत एवढं मला कळलंय. "करवतीचं पातं मध्ये घालून, त्याच्या जाडीएवढा. व्हिडिओतला मुलगा तसंच सांगतो."

"ते त्याच्या गाडीला चालत असेल. हिचे पॉइंट झिजलेत. मी पोस्टकार्ड घालून बघितलं, काडेपेटी फाडून बघितली, रेशनकार्डही लावून बघितलं."

"रेशनकार्ड?"

"कापलं नाही गं, नुसतं लावलं. शेवटी पत्रिकेवर सूत जमलं."

"मग सांगायचं नाही मला?"

"तू रागावली असतीस."

"रागावलेच असते. आत्ताही रागावलेय."

"मग ठीक आहे," हे म्हणतात, आणि वारा लागतो. आम्ही गाडीवर आहोत. मी मागे बसलेय, ह्यांच्या खांद्यावर हात ठेवून. शर्टाला फिनेलचा आणि गोठ्याचा वास आहे. त्या वासाला मी जन्मभर नाक मुरडलं, आता तोंड खुपसून बसलेय. टाकीचं वळण येतं. समोर आमच्या स्वयंपाकघराची खिडकी उजळलेली दिसते, आणि आत तवा ठेवणारीही मीच आहे.

"जरा थांबा ना इथे."

"थांबलो तर तवा जळेल."

"जळू दे."

हे गाडी थांबवतात. आवाज बंद होतो. उतरून हे माझा हात हातात घेतात, तळव्यावर काहीतरी ठेवतात आणि माझी बोटं एकेक करून मिटतात.

"इथून तू ने, कुमुद."

"मला चालवता कुठे येते?"

"खोलता तरी कुठे येत होती?"

मला म्हणायचं असतं, मला तुमची फार आठवण येते. मी म्हणतेच. हे माझ्या मिटलेल्या मुठीवर थोपटतात.

पंखा बंद पडलाय. वीज गेलीय. मानेखाली घाम आहे, मिसळणाचा डबा उघडा पडलाय आणि माझी उजवी मूठ घट्ट मिटलेली आहे. उघडते, तर काळपट लाल, जाड कागदाचा कपटा. अंगठ्यानं पुसते, तशी सोनेरी अक्षरं दिसतात: "मावशीच्या लग्नाला यायचं हं! पिंकी". पिंकी माझी भाची. हा माझ्याच पत्रिकेचा कोपरा.

मग आठवतं. पहिल्याच दिवशी ह्यांच्या हत्यारांच्या पिशवीतून तो पडला होता. ग्रीसनं काळा झालेला. साधा कागद समजून मी ह्याच मिसळणाच्या डब्यात टाकला, आणि चार महिने त्याच्यावर नट-बोल्ट रचत राहिले. त्याच्यावर काय छापलंय ते वाचलंही नाही.

साडेचार वाजलेत. मी इंजिनाचं झाकण काढते. पॉइंट उघडे धरून तो कपटा मध्ये घालते, स्क्रू आवळते, कपटा हळूच ओढते. किंचित अडून निघतो.

पहिल्या किकला गाडी खोकते. दुसऱ्या किकला धूर. तिसऱ्या किकला तो आवाज पडवीभर होतो, आणि मी हॅन्डल धरून नुसती उभी राहते.

"आई, बाबा आ..."

आतून तुषारचा आवाज येतो, झोपेतला, आणि मध्येच तुटतो. तो दारात येतो. केस विस्कटलेले, वय चौतीस. कितीतरी वेळ तो गाडीकडे बघतो, मग मला घट्ट धरतो. त्यानंतर मोबाइल काढून आत जातो. गाडीच्या आवाजातून त्याचं ओरडणं मला ऐकू येतं, "निंबाळकर काका, टेम्पो नका आणू."

पत्रिका कपाटात साड्यांखाली आहे. कपटा तिला चिकटवावा असं क्षणभर मनात येतं. पण मी तो पुसून हत्यारांच्या पिशवीत ठेवते. गाडीला पुन्हा लागेल.