किलोभराचं पिल्लू

नालीत सापडलेलं मांजरीचं पिल्लू पुसदच्या त्या म्हाताऱ्या किराणावाल्याने ड्रॉपरने दूध पाजून जगवलं होतं. किलोभर झालं की आमच्या घरी द्यायचं, असं ठरलं होतं.

दर रविवारी तो ते काट्यावर ठेवायचा. "कमीच भरून राह्यलं, भाऊ. पुढच्या रविवारी या."

तिसऱ्या रविवारी मी वाकून पाहिलं, तर त्याने पिल्लाच्या पोटाखाली बोट घालून ते हळूच उचलून धरलं होतं.

मी घसा खाकरला. "काकाजी, बोट काढा."

त्याने काढलं. काट्यावर सव्वा किलो आलं.

"आजवर कोनाले कमी नाई तोललं," तो पुटपुटला आणि त्याने पिल्लू स्वतःच माझ्या पिशवीत ठेवलं. "घरी वजन घटलं त वापस आनजा."

ते परत येणार नाही, हे आम्हा दोघांनाही कळत होतं. तरी मी हो म्हणालो.