हसत गेलेली पोरं
सॅनिटायझरच्या वासात मेणबत्तीचा वास मिसळला की अजूनही माझा अंगठा आखडतो. लॉकडाऊनमध्ये डंडॉक या आयरिश गावात मी एका म्हाताऱ्या पाद्रींच्या घरी भाड्याने राहत होतो. तरुणपणी तिथल्या सशस्त्र लढ्यात हरलेल्या बाजूने बंदूक धरलेला हा माणूस दरवर्षी चर्चमध्ये मेलेल्या साथीदारांसाठी प्रार्थना घ्यायचा. त्या वर्षी गर्दीला बंदी, चर्चमध्ये मोजकीच माणसं, म्हणून ती मोबाइलवरून घरोघरी थेट दाखवायचं काम माझ्याकडे आलं. "आमची पोरं हसत गेली," ते म्हणाले, आणि मागच्या बाकावरून एक म्हातारी थरथरत उठली. "माझा भाऊ रडत होता, फादर. त्याला लढायला न्यायला तुम्हीच आला होतात." पाद्रींनी माझ्याकडे बघून हळूच हात आडवा केला, आवाज बंद कर म्हणून. यांनी घराबाहेर काढलं तर दुसरी खोली कुठे मिळणार, एवढंच डोक्यात घुमत होतं. अंगठा बटणावरच आखडला, आणि तेवढ्यात ती बसलीसुद्धा. घरी त्यांनी विचारलं, "बाहेर गेलं का ते?" मी म्हटलं, "गेलं." पुढच्या वर्षीही मोबाइल माझ्याच हातात होता; म्हातारी मात्र नव्हती. त्याच वाक्याशी येऊन ते अडखळले, रिकाम्या बाकाकडे बघत राहिले. मला वाटलं, आता खरं बोलतील. "हसत गेली," ते म्हणाले, आणि तेव्हा मात्र मला आवाज बंद करावासा वाटला.