बिरूनं मारलं, असं मी सांगितलं

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — ती जायच्या वेळी ओठांवर आलं होतं, तेही गिळलं. मग तुम्हाला का सांगतोय? माहीत नाही. सांगू द्या, मध्ये बोलू नका.

सत्तरच्या दशकातलं सोलापूर. मी कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवायचो आणि अस्तित्ववादानं पुरता झपाटलो होतो. माणूस आधी जन्मतो, मग आपल्या निवडींनी स्वतःला घडवतो. परिस्थितीकडे बोट दाखवणं ही पळवाट — हे मी वर्गात, हॉटेलात, न्हाव्याच्या खुर्चीतसुद्धा ऐकवायचो. वैताग आणायचो हो लोकांना!

भवानी पेठेत माझ्या शेजारी नरसय्या राहायचा. गिरणीत मागावर कामाला, लाल बावट्याचा माणूस. घरात तेलुगू, भांडायला मात्र मराठी. त्याचं म्हणणं, भूक माणसाकडून सगळं करून घेते. दोष भुकेचा आणि ती पोसणाऱ्या मालकाचा. रोज चहावर आमची जुंपायची. मित्र होता माझा — एकुलता एक, खरं तर.

मग संप झाला. दीड महिना भोंगा वाजला नाही, आणि त्याच गिरणीतला बिरू संप मोडून एकटा कामावर जायला लागला. बिरू सांगोल्याकडचा धनगर. दुष्काळात मेंढरं मेली म्हणून शहरात आलेला. संपवाले त्याच्यावर दात-ओठ खात होते. नरसय्या तेवढा त्याची बाजू घ्यायचा. मी म्हणालो, त्यानं फितुरी निवडलीय, भोगू दे की.

नरसय्या भर हॉटेलात हसला. "सर, तुमचा पगार पयल्या तारखेला येतो न्हवं? मग निवडा की बसून! उद्या गेटवर या आन् बिरूच्या तोंडावर सांगा."

सगळं हॉटेल हसलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

गेलो मी. बिरू फडक्यात बांधलेली भाकरी छातीशी धरून आला आणि दगड सुरू झाले. डोकी फुटली. पोलिसांच्या लाठ्या हाडांवर वाजत होत्या. नरसय्या बिरूला पाठीशी घालून, हात पसरून ओरडत होता — त्याला मारू नका रे! आणि तेवढ्या धुमाळीतही मला पाहून हसला. "बोला की, सर!" म्हणाला, आणि पुन्हा गर्दीकडे वळला.

माझ्या हातात अर्धी वीट होती. कधी आली, कोण जाणे — छे, खोटं कशाला बोलू? चांगलं आठवतं. वाकून उचलली. दोन पडल्या होत्या, जड होती ती घेतली. आणि नरसय्याचं लक्ष नसताना, बाजूनं, त्याच्या डाव्या डोळ्यावर हाणली. तत्त्व नाही, राजकारण नाही. मला ते हसू फोडायचं होतं.

नरसय्याच्या अगदी मागं बिरू होता. सरांवर कोण संशय घेणार? लोकांनी बिरूला धरलं, लोखंडी कांबेनं बडवलं. त्याचा उजवा हात कोपरातून उलटा फिरला. मी बघत उभा होतो.

एवढंच असतं तर घाबरलो होतो म्हणून स्वतःची समजूत काढली असती. पण पुढं ऐका.

इस्पितळात नरसय्या डोळ्याला पट्टी बांधून पडला होता. म्हणाला, "बिरूचं नाव मी देणार न्हाई, सर. त्याचा दोष न्हाई. भुकेनं मारलं मला."

तेव्हा मी काय करायला हवं होतं? पाय धरायला हवे होते ना त्याचे? मी खुर्ची ओढली आणि वाद घातला! दोन तास. अर्धमेल्या माणसाशी. म्हटलं, भूक हात उचलत नाही, नरसय्या, माणूस उचलतो. तू ज्याला वाचवलंस, त्यानं तुझा डोळा घ्यायचं ठरवलं. ठरवलं त्यानं! शेवटी त्याच्या उरलेल्या डोळ्यातून पाणी आलं. "तुमचंच खरं, सर," म्हणाला, आणि पोलिसांना जबाब दिला.

मी जिंकलो होतो. बाहेर येऊन गाड्यावर गरम भजी खाल्ली — चवीनं.

खटल्यात मी साक्षीदार. बिरूचा हात गळ्यात बांधलेला. मला बघून त्याचा चेहरा असा काही खुलला! वाटलं असेल, सुटलो.

"सर, तुमी हुता की तितं! म्या न्हाय मारलं. सांगा की यास्नी!"

वकिलानं विचारलं, वीट कुणी मारली? "बिरूनं," मी म्हणालो. आवाज कापला नाही.

त्याला चार वर्षांची शिक्षा झाली. दुसऱ्याच वर्षी तो तुरुंगात मेला. हात सडत गेला, असं कानावर आलं. नरसय्यानं बावटा सोडला, आणि भुकेबद्दल तो पुन्हा कधी बोलला नाही. मी निवृत्त होईपर्यंत जबाबदारी शिकवत राहिलो. मुलं वहीत उतरवून घ्यायची.

वीट मी मारली. कोर्टात त्या दिवशी मला कुणी धमकावलं नव्हतं, मी उपाशी नव्हतो. समोर बिरू उभा होता, आणि मी बिरूचं नाव घ्यायचं ठरवलं.