शिवाकाका हात लावत नसत

त्या दुपारी मी नांदेडला आमच्या भांड्यांच्या दुकानात स्टुलावर चढून वरच्या फळीवरचा कुकर काढत होतो. फोन वाजला तरी खाली उतरलो नाही, कारण स्टुलावरून उतरणं हा माझ्या देहाला एक स्वतंत्र कार्यक्रम असतो. लातूरहून माझी मुलगी गौरी बोलत होती. "बाबा, आजोबा गेले. हॉलवरून आले, जेवले, कॉटवर पडले आणि... उठलेच नाहीत." मी कुकर पोटाशी धरून तसाच उभा. खालून गिऱ्हाईक विचारून राहिलं होतं, "पाच लिटरचा हाय का हो ह्यो?"

गौरी ज्यांना आजोबा म्हणायची ते माझे चुलते, शिवाकाका. लातूरच्या एका शाळेत जन्मभर पी.टी. शिकवून रिटायर झाले आणि मग एका पत्र्याच्या हॉलमध्ये पोरींना जिम्नॅस्टिक्स शिकवायला लागले. उंचीनं माझ्या खांद्याएवढे, वजनानं माझ्या निम्मे, आणि उजवा खांदा कधीचा निकामी. तो हात कानाच्या वर जात नसे. आम्हा लिंगायतांत माणसाला बसवून पुरतात. जे गृहस्थ सत्तरी ओलांडली तरी पाच मिनिटं एका जागी टेकले नाहीत, त्यांना आम्ही मांडी घालून बसवलं, तेव्हा मला रडू यायच्या आधी वाटलं, आता हे चिडून उठणार आणि म्हणणार, "सोडा रे मला, पोरी थांबल्यात तिकडं!"

गौरी लहानपणापासून नांदेडला जिम्नॅस्टिक्स करायची. आठवीत ती एकदम वाढली, उंच तर झालीच, वर माझी रुंद हाडंही घेतली. (बुद्धी आईची घेतली, एवढं बरं.) एके दिवशी तिथले सर म्हणाले, "हिला बारखाली झेलणार कोण? थाळीफेकीला घाला." पोरगी दोन दिवस जेवली नाही, आणि बार सुटला तो सुटलाच. दहावीनंतर सगळ्यांसारखीच आम्हीही तिला मेडिकलच्या क्लाससाठी लातूरला धाडली, काकांच्या घरी. मी निर्धास्त. दुसऱ्या महिन्यात दशम्यांचा डबा घेऊन गेलो तर घराला कुलूप. शेजारणीनं हॉलचा रस्ता दाखवला. आत बघतो तर आमचं भावी डॉक्टर जमिनीवर उताणं पडलंय, सायकलची ट्यूब खांबाला बांधलीय, आणि ती ट्यूब दोन्ही हातांनी पायाच्या अंगठ्यापासून कमरेपर्यंत ओढून राहिलीय. पुन्हा, पुन्हा.

"काका, अभ्यास?"

"क्लास सुटल्यावर येती. पेपरात मार्क चांगले हायत तिला. तुझं मार्कलिस्ट घरात हाय आजून, आणू का तिला दाखवाय?"

मी दशम्यांचा डबा पुढं केला.

ती शिकत होती त्या प्रकाराला किप म्हणतात. बारला लटकायचं, पुढं झुलायचं, परत येताना पाय बारपाशी आणायचे आणि पँट चढवावी तसा बार पायांवरून ओढत कमरेपर्यंत आणून हातांवर वर यायचं. हलक्या पोरीला कोच खालून थोडा रेटा देतात. गौरीला कोण देणार? मी विचारलंच. काका म्हणाले, "कुणीच न्हाई. माझ्या खांद्याला आता बारकी पोरगीबी झेलत न्हाई. म्हणून मी आधी पडायला शिकवतो." आणि खरंच, पहिला महिना त्यांनी तिला फक्त खाली यायला शिकवलं होतं. झोक्यातून हात सोडायचे, गुडघे वाकवून उतरायचं, पाठीवर लोळण घ्यायची. खाली सोफ्याच्या कारखान्यातल्या फोमच्या कातरणांनी भरलेल्या गाद्या, काकूंनी शिवलेल्या. तिच्यासाठी बार दोन भोकं वर चढवलेला. "पोरगी लांब हाय तर बार वर घ्यायचा. पोरगी काय कापायची?" स्वतः एका खोक्यावर उभे राहायचे आणि ती झुलून आली की डाव्या हाताची दोन बोटं तिच्या मांडीमागं टेकवायचे. "हितं! आता!" उचलायचे मात्र नाहीत. म्हणायचे, "मी फकस्त पत्ता सांगतो. जायचं तिचं तिनं."

मग मी दर रविवारी लातूरला जायला लागलो. बघायला, असं मी म्हणायचो. एका रविवारी ती झुलली, पाय बारपाशी आले, कंबर वर निघाली आणि अर्ध्यातच अडकली. माझ्यातला बाप धावला. मी खाली घुसून तिच्या मांड्यांना दोन्ही हातांनी मिठीच मारली! तिला उतरायला जागाच राहिली नाही. ती माझ्यावर, मी गादीवर. तिचं मनगट मुरगळलं, माझ्या बरगड्या महिनाभर शिंकू देईनात. "बसू!" काका माझ्या नावानं ओरडले, "झेलाय गेलास का पाडाय?" गौरी रडत होती, पण मनगटासाठी नव्हे. म्हणाली, "बाबा, तुम्हालापण वाटतं ना, मी पडणारच?"

मनगट बरं झालं, पण जमत आला होता तेवढा किपही गेला. झुलायच्या आधी ती आता खाली बघायची, कुणी आलंय का म्हणून. बघितलं की थांबायची. काकांनी ती दोन बोटंही काढून घेतली आणि खोकं भिंतीशी सरकवलं. मला वाटलं, आता मला हाकलणार. तर त्यांनी मलाच बोलावलं. "बसू, ह्या स्टँडचा पाय हलाय लागलाय. तुझ्याएवढं वजन मी दुसरं कुठून आणू? हितं बस. आन् ती बारवर असताना उठलास तर बार हलंल, ध्यानात ठेव."

आमच्या खानदानात माझं वजन पहिल्यांदा कामी आलं! मी त्या लोखंडी पायावर मांडी ठोकून बसायचो, जणू सगळा हॉल माझ्यावरच उभा. ती झुलायची, अडकायची, उतरायची. माझे हात शिवशिवायचे. मी लोखंड घट्ट धरायचो. उठलो तर बार हलेल... पोरगी पडेल... मी बसून. पाच रविवार.

सहाव्या रविवारी ती बारखाली बघायचंच विसरली. माझ्याकडं बघून हसली, कारण मला घाम फुटला होता. आणि झुलली. पाय आले बारपाशी, नडगी, गुडघा, मांडी... आणि झर्रकन वर! हात ताठ, मान ताठ, पत्र्याखाली माझी एवढी मोठी पोरगी बारवर उभ्या अंगानं, आणि खाली कुणीही नाही! काका दाराजवळून उड्या मारत आले, "हाय! हाय! हाय!" पोरी किंचाळत होत्या. मी बसल्या जागेवरून बोंबलतोय, "काका, उठू का?"

"ऊठ की लेका! ते स्टँड फरशीत बोल्ट केलंय, हॉल बांधला तवापासनं!"

मी उठून माझ्याच बैठकीखाली बघितलं. माझ्या अंगठ्याएवढे चार बोल्ट. काका इतके हसले की निकामी हात धरून खाली बसले.

पुढं एका स्पर्धेत उतरली, तिथं गौरीचा नंबर आला नाही. किप आला. काका सबंध गल्लीला तेवढंच सांगत फिरले.

परवा, काका गेल्यावर तीन आठवड्यांनी, त्यांचं सामान आणायला मी हॉलवर गेलो. कुलूप असेल म्हणून किल्ली घेऊन गेलो होतो. हॉल उघडा, पोरींनी भरलेला. मुरुडची एक थोराड पोरगी गादीवर लोळण घ्यायला शिकत होती आणि गौरी तिला ओरडत होती, "गुडघे!" मला बघितलं तशी म्हणाली, "बाबा, चप्पल काढा आणि या." कशाला, म्हणेपर्यंत पोरींनी मला खोक्यावर चढवलं, माझे हात बारला लावले आणि खोकं काढून घेतलं.

मी लटकलो. पन्नाशीचा भांडीवाला, शर्ट पोटाच्या वर.

"गौरी, धर की गं!"

"नाही. सोडा."

"अगं, पण..."

"खाली गादी आहे. माझ्याकडं नका बघू, समोर बघा."

समोर बघितलं. भिंतीवर खिळ्याला काकांचा तपकिरी मफलर लोंबत होता, त्यांच्या मानेचा बाक अजून तसाच धरून. बोटं जळत होती. गौरी चार हात लांब उभी होती, आणि पुढं येत नव्हती. पोरी टाळ्या पिटून ओरडायला लागल्या, "सोडा काका! सोडा काका!"

त्या मलाच काका म्हणतायत, हे कळायला एक क्षण लागला... आणि मी सोडलं.