धुरपताचा लंगडा बोकड

आमच्या मोहल्ल्यात कोणाची बकरी लंगडली, की लोक धुरपताला बोलवत. अड्याळ कोसभर दूर, आणि गुरांचा दवाखाना तिथं. दुखऱ्या पायाचं जनावर एवढं चालवणार कोण? धुरपताचे वडील चिंधू यांनी जन्मभर बकऱ्या राखल्या होत्या. त्यांच्याजवळ बसून ती शिकली. बकरीचा पाय मांडीवर घेऊन तिनं खूर दाबलं, की दुखणं नेमकं कुठं आहे ते तिला कळायचं.

तिची धाकटी जाऊ पंचफुला चौऱ्याहत्तर साली लग्न होऊन आली. दोघींच्या अंगणात छातीएवढी मातीची भिंत. पंचफुलाच्या बकऱ्या दर खेपेला जुळं देत, धुरपताच्या एकेकच. एकदा पवनीच्या जनावरांच्या प्रदर्शनात पंचफुलाच्या बकरीचा पहिला नंबर आला. झेंडूचा हार घातलेली ती बकरी दोन दिवस अंगणात उभी होती आणि बाया बघायला येत होत्या.

"बकरीच्या गळ्यात हार आन् माणसाच्या डोक्यात हवा," धुरपता भिंतीपलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. त्या दिवशी तिला जेवण गेलं नाही.

एक्क्याऐंशीच्या पावसाळ्यात तिनं अड्याळच्या बाजारातून बोकड आणला. उंच, काळाभोर, लांब कानांचा. आता आपल्या कळपात अशी पिल्लं होतील, की पंचफुला बघतच राहील, या विचारानं ती वाटभर खूश होती. बोकड मागचा पाय जरा जपून टाकत होता. खडा रुतला असेल, असं तिनं स्वतःला सांगितलं.

चौथ्या दिवशी वास आला. तिनं पाय उचलून पाहिला. दोन नख्यांच्या मधली कातडी सोलली होती, खूर मांसापासून सुटलं होतं आणि आत घाण साचली होती. वडिलांचे शब्द तिला आठवले, "खूर सडलं का तो रोग चिखलातून एकाचा दुसऱ्याले लागते. जनावर घरी बांध आन् गावाले सांग."

तोवर बोकड तीन दिवस गावच्या बकऱ्यांबरोबर बोडीच्या, म्हणजे गावतळ्याच्या, काठच्या चिखलात चरून आला होता.

तिनं दार लावून त्याला कोरड्या जागी बांधलं, सुटलेलं खूर कापलं, मोरचुदाच्या निळ्या औषधी पाण्यात पाय बुडवले. गावाला मात्र सांगितलं नाही. धुरपताला बोकड पारखता आला नाही, असं लोक म्हणतील, पंचफुला हसेल. शिवाय मनाच्या तळाशी एक विचार होता, तो तिनं कितीतरी वर्षांनी माझ्या आईजवळ बोलून दाखवला: त्या हारवाल्या बकरीलाही एकदा लंगडू दे.

दहा-बारा दिवसांत पंचफुलाची ती बकरी गुडघे टेकून चरू लागली. मग शेजारच्या जनाबाईच्या बकऱ्या, मग अर्धं गाव. धुरपताला वाटलं, आता जाऊ येईल, हात जोडेल. पंचफुला आली नाही. ती पायी अड्याळला गेली आणि दवाखान्यात मलमपट्टी करणाऱ्या भोजराज ड्रेसरला घेऊन आली. त्यानं पत्र्याच्या टोपल्यात मोरचुदाचं पाणी करून दाखवलं, ते जनावरांना पिऊ देऊ नका म्हणून बजावलं, चाकू पंचफुलाच्या हातात दिला आणि लोकांना म्हणाला, "आता या बाईकडे आणत जा."

तीन दिवस धुरपता भिंतीआड बसून ऐकत होती. बकऱ्यांचं ओरडणं, लोकांची ये-जा, "पंचफुलाबाई, माही बकरी पाहा ना." तिच्या हयातीत पहिल्यांदा गावात खुरं कापली जात होती आणि तिला कोणी हाक मारली नव्हती.

चौथ्या दिवशी तिनं उठून भिंतीवरून पाहिलं. पंचफुलाचा चाकू थेट मांसात गेला होता. रक्त भळभळत होतं. धुरपता फेरा घेऊन तडक जावेच्या अंगणात शिरली.

"ठेव तो चाकू! खूर हाय का दोडका हाय?"

"भोजराजभाऊनं असंच सांगतलं, बाई."

"सांगतलं असन. सुटलेलं तेवढंच काढाचं. खाली गुलाबी दिसलं का थांबाचं. सरक."

ती बसली आणि एकामागून एक तीन बकऱ्यांची खुरं साफ केली. लोक बघत होते. जनाबाई सहज म्हणाली, "कोठून आली असन वो ही बिमारी?"

धुरपताचा हात थांबला. "माह्या बोकडानं आणली. मले ठाऊक होतं."

तेवढ्यात टोपल्यात पाणी ओतत पंचफुला खालमानेनं म्हणाली, "मले बी ठाऊक होतं, बाई. तुम्ही त्याले आणला तवाच तो लंगडत होता. मी भिंतीवरून पाह्यला."

"मंग बोलली काहून नाही?"

"म्हटलं, एकडाव तुमच्या बकऱ्या लंगडू द्या. बिमारी माह्या बी घरी येईन, असं नाही वाटलं."

दोघींना गावानं त्या दिवशी जे सुनावलं, ते सुनावायलाच हवं होतं. बोडीचा काठ दसऱ्यापर्यंत चराईला बंद झाला. जनाबाईच्या दोन बकऱ्या पार वाळल्या, त्या तिला खाटकाला द्याव्या लागल्या. ती या दोघींशी दोन वर्षं बोलली नाही. बोकडाचा एक पाय बराच होईना. तो विकला असता तर दुसऱ्या गावी रोग गेला असता. धुरपताच्या नवऱ्यानं, खुशालनं, शेवटी तो कापला.

पुढं दर मृगाच्या आधी दोघी जावा पिंपळाखाली बसू लागल्या. एक खुरं कापायची, दुसरी बकऱ्यांना पाण्यात उभं करायची. पण लोक आधी कोणाचं नाव घेतात, याकडे दोघींचेही कान असायचे.

पंच्याऐंशी साली अड्याळच्या गुरांच्या शिबिरात भोजराजनं सगळ्यांसमोर विचारलं, "तुमच्या गावात यंदा एकही बकरी लंगडी नाही. हे कोणी केलं?"

"मी," दोघी एकदमच म्हणाल्या.

माणसं हसली. त्या दोघी हसल्या नाहीत. परतताना एक पुढं आणि दुसरी वीस पावलं मागं, अशा गावापर्यंत चालत आल्या.