खरजेवर मोकळी हवा

आमच्या कोळवणात फार्महाऊस असलेल्या पुण्याच्या बाईंनी त्यांचं लहानसं कुत्रं अंगभर खरूज झाल्यावर इथंच सोडलं. म्हणे मोकळ्या हवेत बरं होईल. हवेनं खरूज जात असती तर आमच्या गावात कुणी खाजवलंच नसतं.

उपाशी कुत्रं माझ्या गोठ्यात आलं. गुरांच्या डॉक्टरांनी मलम दिलं, चाटू नये म्हणून गळ्यात प्लास्टिकचा नरसाळ्यासारखा पट्टा बांधला. शेजारीण म्हणाली, "आज्जे, ह्याला भोंगा बसवलाय, निवडणुकीला उभं करतीस व्हय?"

पेज पिऊन कुत्र्याला केस आले. एका रविवारी बाई आल्या. "किती गोड झालंय! नेते हं, आजी." निर्लज्ज कुत्रं त्यांच्यापुढं शेपूट हलवायला लागलं. मी असते तर चावले असते.

तेवढ्यात बाईंना त्याचा अजून बरा न झालेला, वाहता कान दिसला. त्यांनी कुत्र्याला डिकीत टाकलं. "सीट नवीन आहे ना."

मी त्याला डिकीतून उचललं. "ऱ्हाऊ द्या हितंच. तुमच्या सीटला मोकळी हवा द्या."

कुत्रं बांधापर्यंत गाडीमागं पळालं आणि पेजेच्या वेळेला परत आलं. अक्कल त्यालाही कमीच आहे.