कापसाचा खोकला

आमच्याकडे कापसाचा खोकला म्हणून एक खोकला असतो. बाहेरच्या माणसाला सांगितलं तर हसू येईल, पण घाटंजीकडच्या कोणत्याही खेड्यात विचारून पाहा. भाव पडला किंवा खरेदी बंद झाली की वेचलेला कापूस जायचा कुठे? घरातच. मधल्या खोलीत आढ्यापर्यंत रचायचा आणि माणसांनी ओसरीत, अंगणात निजायचं. ऊन तापायला लागलं की त्या ढिगातून बारीक किडे निघतात, डोळ्याला दिसतही नाहीत. अंगभर खाज सुटते, पुरळ उठतो आणि घसा असा खरखरतो की माणूस बोलता बोलता खोकत सुटतो. त्याला औषध नाही. कापूस गाडीत भरला की आठ दिवसांत आपोआप जातो. लग्न होऊन आले तेव्हापासून मी हेच पाहत आले.

म्हणून कोरोनाच्या त्या दुसऱ्या लाटेच्या वर्षी, फाल्गुनात, माझी धाकटी जाऊ खोकायला लागली तेव्हा मी तिच्याकडे वळूनही पाहिलं नाही.

ती या घरात आली तेव्हा अठरा वर्षांची होती. माझे मालक लवकर गेले, मला मूल नाही. मग दीर, जाऊ, त्यांची एक मुलगी आणि मी, असं आमचं घर. जाऊ बोलायची कमी, पण बोलली की टोचायचं. कापूस वेचताना तिचे दोन्ही हात चालायचे आणि माझं तोंड. म्हणायची, "बाई, तुमच्या तोंडावानी हात चालला असता तं पऱ्हाटी दुपारीच खाली झाली असती." मी तिच्यावर चिडायचे आणि तिच्याशिवाय मला चहाही गोड लागायचा नाही. तीस वर्षांत आमचं भांडण झालं नाही असं मी म्हणणार नाही. झालं, पुष्कळ झालं, पण चूल एकच राहिली.

तर ती खोकायला लागली. तिसऱ्या दिवशी अंग तापलं. मी म्हटलं, ऊन लागलं. अडुळशाचा काढा दिला, रात्री हळद-गूळ दिला. मग एक दिवस फोडणी जळून घरभर धूर झाला तरी ती चुलीपाशी तशीच बसलेली.

"नाक कुठी ठेवून आली वो?" मी ओरडले.

"कापसात हरवलं असंन, बाई," ती म्हणाली.

आम्ही दोघी हसलो. वास न येणं म्हणजे काय, हे तोवर साऱ्या जगाला कळलं होतं. टीव्हीवर रोज सांगत होते. मीही ऐकलं होतं. पण ऐकणं वेगळं आणि घरातल्या माणसावर ते लावून पाहणं वेगळं.

त्याच आठवड्यात घरोघर तपासत फिरणारी आशाताई आली. गावातलीच सून, मला मामी म्हणते. दारातूनच विचारलं, "मामी, कोण खोकून राह्यलं घरात?"

"कापूस खोकून राह्यला," मी म्हटलं.

"मजाक नका करू. बोटाले हे यंत्र लावू द्या, दोन मिनटं लागते."

"तू असं कर, आत ये अन् त्या ढिगाजवळ दोन मिनटं उभी राह्य. तूही खोकशीन. मंग तुले नेतो दवाखान्यात."

ती हसली आणि पुढच्या घरी गेली. तिला अजून चाळीस घरं करायची होती. जाऊ आत बसून ऐकत होती. तीही हसली, आणि हसता हसता तिला जी उबळ आली ती लवकर थांबेना.

आता खरं सांगते. नुसती कापसाची समजूत असती तर एवढं वाईट वाटलं नसतं. समजूत होतीच, पण तिच्या मागे भीती दडून बसली होती. आमच्या गावातले दोन जण त्याआधी यवतमाळला दवाखान्यात गेले होते. दोघेही चांगले चालत गाडीत बसले होते. एकही परत आला नाही, त्यांची माती पण गावात आली नाही. मला वाटत होतं, एकदा का त्या यंत्रात आकडा कमी दिसला की हिला नेतील आणि ही येणार नाही. मग कापसाचाच खोकला बरा. मी तो धरून बसले.

दहाव्या दिवशी सकाळी ती नळावरून अर्धी कळशी घेऊन निघाली आणि उंबरठ्याशी येऊन बसली. उठता येईना. ओठ जांभळासारखे झाले होते. दीर जीप घेऊन आले. घाटंजीच्या दवाखान्यात ऑक्सिजनची नळी लावली आणि म्हणाले, थांबू नका, यवतमाळला न्या. रस्ताभर ती माझ्या खांद्यावर डोकं टेकून होती. इतकी वर्षं एका घरात, पण माझ्या खांद्यावर तिनं कधी डोकं टेकलं नव्हतं.

मोठ्या दवाखान्यात दारातच एका डॉक्टरनं तिला पाहिलं. पायापासून डोक्यापर्यंत पांढऱ्या पोशाखात, नुसते डोळे दिसत होते, पोरसवदाच असावा. घाईत होता, मागे रांग होती. त्यानं विचारलं, "त्रास किती दिवसांपासून?"

मी म्हटलं, "दोन दिवस."

काहून म्हटलं? रागावतील म्हणून. एवढे दिवस काय झोपले होते का, असं दहा लोकांसमोर विचारतील म्हणून. बस, एवढंच. दुसरं कोणतंही कारण नव्हतं.

जाऊ स्ट्रेचरवर होती, तोंडावर मास्क. तिनं हात वर केला. पाची बोटं उघडली, मिटली, पुन्हा उघडली. पाच आणि पाच. ती डॉक्टरकडे पाहत होती. मी तिचा हात धरला, खाली केला आणि चादरीत घातला. "पडून राह्य," म्हटलं, "उगा ताकद घालवू नको." डॉक्टरनं कागदावर 'दोन दिवस' लिहिलं आणि ते तिला आत घेऊन गेले. दीर माझ्या शेजारी उभे होते. त्यांनी सगळं पाहिलं. ते फरशीकडे पाहत राहिले.

दहा लिहिलं असतं तर काय वेगळं झालं असतं, मला माहीत नाही. कदाचित काहीच नाही. ते तर आजार पाहून औषध देत होते, कागद पाहून नाही. पण कोणाला विचारून घ्यायची माझी हिंमत झाली नाही. विचारलं असतं तर उत्तर आलं असतं.

आत कोणाला जाऊ देत नव्हते. आवारात एक निंबाचं झाड होतं, त्याच्याखाली आमच्यासारखे पंधरा-वीस लोक चटया टाकून होते. डबा दारावर द्यायचा, त्याला नाव लिहिलेली चिठ्ठी बांधायची, संध्याकाळी रिकामा घ्यायचा. दिवसातून तीन-चार वेळा एक माणूस हातात कागद घेऊन पायऱ्यांवर यायचा आणि नाव वाचायचा. कधी औषधासाठी, कधी सहीसाठी, आणि कधी माणूस गेल्याचं सांगायला. नाव घेताना त्याच्या आवाजावरून काहीच कळायचं नाही. तो दिसला की चटईवरची माणसं उठून बसायची. आपलं नाव नाही आलं की जीव भांड्यात पडायचा, आणि ज्याचं आलं त्याच्याकडे पाहायची लाज वाटायची.

माझ्या शेजारी एका तांड्यावरची बाई होती, माझ्याच वयाची. तिचा नवरा आत होता. ती मला बळेच खाऊ घालायची. "खा वो बाई. आपुन पडलो तं आपल्याले कोण आत घेईन? जागाच नाही." एका दुपारी आम्ही दोघी भाकर खात होतो आणि त्या माणसानं तिच्या नवऱ्याचं नाव घेतलं. ती उठली नाही. लोक म्हणाले, "बाई, तुमचं नाव हाय." ती म्हणाली, "घास हाय तोंडात. गिळू द्या." तिनं सावकाश चावून तो घास गिळला, पाणी प्यायली, हात पुसला, मग पायऱ्यांकडे गेली. परत आली ती वळकटी घ्यायलाच. जाताना उरलेली भाकर माझ्यासमोर ठेवली.

चौथ्या दिवशी एका नर्सनं आतून आपल्या मोबाइलवर व्हिडिओ लावून आमच्या जाऊचं तोंड दाखवलं. देव तिचं भलं करो, असं म्हणायची आमच्यात पद्धत नाही, पण मी म्हटलं. जाऊचे डोळे आत गेले होते. मास्क थोडा बाजूला करून ती म्हणाली, "बाई, कापूस गेला का घरातला?"

कापूस तसाच होता. मी म्हटलं, "गेला. कालच गाडी भरली."

"मंग आता जाईन खोकला," ती म्हणाली.

ती मला धीर देत होती की टोमणा मारत होती, मला कळलं नाही. तिच्या तोंडावर हसू होतं का, तेही नीट दिसलं नाही. फोन बंद झाला.

सहाव्या दिवशी सकाळी त्या माणसानं तिचं नाव घेतलं. दीर उठू शकले नाहीत. मी गेले, सही मी केली. माती गावात आणता आली नाही. नगरपालिकेच्या गाडीमागे आम्ही दोघं रिक्षानं गेलो आणि लांब उभं राहून पाहिलं. चेहरा प्लास्टिकच्या आतून दाखवला. मी ओळखलं, कारण ओळखायचंच होतं. त्याच दिवसांत चौदा एप्रिलची जयंती आली. ना मिरवणूक, ना गाणी, विहाराला कुलूप. दारावरचा निळा झेंडा दरवर्षी तीच बांधायची. तो मी बांधला, वाकडा.

तिची मुलगी उमरखेडला दिलेली. रस्त्यात अडवत होते, पास मिळेना, ती पाच दिवसांनी पोचली. आईच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला आम्ही सहा माणसं होतो. सगळे गेल्यावर ती माझ्याजवळ येऊन बसली. मला मोठमाय म्हणते. लहानपणी आईपेक्षा माझ्याजवळ जास्त निजायची.

"मोठमाय, मी डॉक्टरले फोन केलता. ते म्हणे, दोन दिवसांच्या त्रासात फुफ्फुस इतकं कसं खराब झालं, आम्हालेही समजलं नाही. असं कसं झालं वो?"

मला सोपं होतं. म्हणता आलं असतं, नशीब, दुसरं काय. दीर खाटेवर बसले होते, त्यांनी मान वर केली नाही. ते काही बोलणार नव्हते, आजही नाही आणि पुढेही नाही, हे मला माहीत होतं. त्यांनी मला झाकलं असतं. पण त्या पोरीला आयुष्यभर वाटत राहिलं असतं की दवाखान्यात कोणी तरी चुकलं.

मी सगळं सांगितलं. आशाताईला हसून घालवलं ते, फोडणीचं, दोन दिवसांचं. आणि बोटांचंही सांगितलं, पाच आणि पाच.

ती रडली नाही. बराच वेळ माझ्या हातांकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "मायनं सांगतलं होतं मंग."

"हो."

"तिनं सांगतलं अन् तू हात खाली केला."

"हो, माय."

ती बापाकडे वळली. "बाबा, तुम्हाले माहीत होतं?" त्यांनी होकाराची मान हलवली. मग ती उठून अंगणात गेली आणि आईची धुतलेली लुगडी दोरीवरून काढून घडी करायला लागली. मी मदतीला गेले तर म्हणाली, "राहू दे. मी करतो."

दुसऱ्या दिवशी ती गेली. जाताना पाया पडली, बापाच्या आणि माझ्याही. कापूस त्यानंतर विकला. भाव काय आला ते मी विचारलं नाही. मधली खोली रिकामी झाली, तिथे आता दीर झोपतात.

ती दर दोन दिवसांनी फोन करते. दीरांना नीट ऐकू येत नाही, म्हणून मीच उचलते. ती विचारते, "बाबा जेवले?" मी सांगते, जेवले. "गोळी घेतली?" घेतली. मग तिच्याकडून बसचा, दुकानांचा आवाज येत असतो. पूर्वी ती यानंतर विचारायची, "अन् तू जेवली का, मोठमाय?" आता विचारत नाही. पण लगेच फोनही ठेवत नाही, हे मी पाहिलं आहे. तिनं ठेवला की मीही ठेवते.